मूल ‘बघून शिकणारं’ असतं का?

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. शिकवणीत चाचणी घेऊन सांगितलं, की तो ‘दृश्य’ प्रकारात मोडतो. पाठांतर सोडा, व्हिडिओ दाखवा. ऐकावं का?
– एक पालक, दुर्गाघाट, वाराणसी

उत्तर : पाठांतर सोडू नका, व्हिडिओसाठी पैसे तर मुळीच भरू नका. आवडनिवड खरी असते. नील फ्लेमिंग यांची ‘वार्क’ प्रश्नावली तीच टिपते. पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं की जास्त येतं, हा दावा निराळा. तो तपासायचा तर ‘बघून’ आणि ‘ऐकून’ शिकणाऱ्या अशा दोन्ही ‘प्रकारांच्या’ मुलांना चिठ्ठ्या टाकून दोन्ही पद्धतींनी शिकवायचं आणि परीक्षा एकच घ्यायची. मानसशास्त्रज्ञ पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशा अभ्यासांचा शोध घेतला, तेव्हा या कसोटीला उतरणारे जेमतेम सापडले. त्यांतल्या काहींचे निष्कर्ष तर दाव्याच्या थेट उलट होते.

काशीत शुक्ल यजुर्वेदाची संथा चालते तिथे जरा थांबून पाहा. कान गुरुजींकडे, तोंडाने मंत्र आणि स्वरागणिक हात वर-खाली. क्रमपाठात पहिलं-दुसरं पद, मग दुसरं-तिसरं. जटापाठात तीच जोडी उलटसुलट. पोराचा प्रकार कोणी विचारत नाही. पद्धत मजकूर ठरवतो.

भूगोलाला नकाशा सगळ्यांनाच हवा. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायला सांगा, आठवेल ते लिहू द्या, चुका त्यालाच शोधू द्या. चार दिवसांनी पुन्हा तेच. आणि ‘मला ऐकून कळत नाही’ ही नवी सबब सुरू झाली, तर दाद देऊ नका.