काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा

दिवाळी सरली की गावाबाहेर वीटभट्ट्या पेटू लागतात. थंडीत पहाटेची हवा स्थिर असते. त्यामुळे भट्टीचा धूर वर न जाता जमिनीलगत रेंगाळतो. वृद्ध, लहान मुले व दमेकरी यांना त्याचा त्रास सर्वांत आधी जाणवतो.

या धुरात असते काय? काजळीचे अतिसूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड व सल्फर डायऑक्साइड हे त्यातील प्रमुख घटक. सूक्ष्म कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. त्यामुळे खोकला व दमा बळावतो, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. सल्फर डायऑक्साइडमुळे श्वासनलिका आकसतात.

धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे कोळशाला पुरेशी हवा मिळालेली नाही. अशा वेळी मालकाचा पैसा धुराड्यातून उडून जातो आणि शेजाऱ्याच्या छातीत काजळी जमते. म्हणून धूर कमी करणे दोघांच्याही हिताचे आहे.

त्यासाठी काय करावे?

१) कोळसा कोरडा ठेवावा व बारीक फोडून घ्यावा.

२) धुराड्याच्या भट्टीत तो एकदम न ओतता थोडा थोडा, वारंवार टाकावा.

३) शक्य तेथे विटांची मांडणी ‘झिगझॅग’ पद्धतीने करावी. नागमोडी वाटेने फिरणारी हवा कोळशात नीट मिसळते. त्यामुळे सुमारे २० टक्के कोळसा वाचतो व काजळीही बरीच घटते.

४) गंधकाचा वायू मात्र चांगल्या ज्वलनाने कमी होत नाही. त्यासाठी कमी गंधकाचा कोळसाच वापरावा लागतो.

५) टायर, प्लास्टिक कधीही जाळू नये. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अधिसूचनेनुसार त्यास मनाई आहे. भट्टी वस्तीपासून किमान ८०० मीटर दूर असावी, असेही तीत म्हटले आहे.

भट्टीवरील मजुरांसाठी एक महत्त्वाची सूचना. ऊब मिळते म्हणून पेटत्या भट्टीवर किंवा तिच्या आडोशाला झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; झोपेत तो कळतही नाही. मार्च २०२३ मध्ये छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात भट्टीवर झोपलेले पाच मजूर गुदमरून दगावले. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही लक्षणे दिसताच रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे व ताबडतोब रुग्णालयात न्यावे. झोपण्याची जागा भट्टीपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला असावी.