एका गोळीमागील चाळीस वर्षे

औषधाच्या बिलावर गोळ्यांची संख्या व किंमत छापलेली असते. ती गोळी घडण्यामागील संशोधनाचा हिशेब मात्र कोणत्याही बिलावर नसतो. देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांना तो थोडक्यात कळावा, या हेतूने ‘इमॅटिनिब’ या औषधाची हकिकत येथे देत आहे.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग होय. त्यात अस्थिमज्जेतून पांढऱ्या पेशी बेसुमार निर्माण होतात. १९६० साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पीटर नोवेल व फिलाडेल्फियातीलच डेव्हिड हंगरफोर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. १९७३ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या जॅनेट राउली यांनी त्याचा उलगडा केला. ९ व २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून परस्परांच्या जागी जोडले जात होते. या जोडणीतून ‘बीसीआर-एबीएल’ हे सदोष जनुक तयार होते आणि त्यापासून बनणारे प्रथिन पेशीला विभाजनाचा आदेश अखंड देत राहते, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झाले.

तोवर पंचवीस-तीस वर्षे लोटली होती आणि या संशोधनातून एकही गोळी हाती आलेली नव्हती. केवळ वार्षिक जमाखर्च पाहणाऱ्याने हे खाते बुडीत समजून बंद केले असते. परंतु रोगाचे मूळ कळले होते, म्हणूनच नेमका घाव कोठे घालावा हेही कळले. स्वित्झर्लंडमधील सीबा-गायगी कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या प्रथिनाला ऊर्जा मिळण्याची खाचच अडविणारा रेणू घडविला. ओरेगन येथील आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी तो रोगट पेशींना मारतो व निरोगी पेशींना बहुतांशी सोडतो, हे दाखवून दिले. १९९८ साली रुग्णांवर चाचणी सुरू झाली. इंटरफेरॉनचा उपचार निष्फळ ठरलेल्या व रोज ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्तगणन पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली. पुढील मोठ्या चाचणीत प्रारंभापासून हे औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते.

औषध सापडणे आणि ते रुग्णास परवडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च भारतात सुमारे एक लाख वीस हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ ते दहा हजार रुपये होता. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली आणि स्वस्त औषधाचा मार्ग खुला राहिला.

रुग्णांच्या नातेवाइकांस एक कळकळीची विनंती. रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नये किंवा एक दिवसाआड देऊ नये. हे औषध रोगाला आवर घालते. बहुतेकांत तो समूळ नष्ट होत नाही. मात्रा चुकत गेल्यास रोग पुन्हा डोके वर काढतो. गोळी थांबविण्याचा निर्णय काही निवडक रुग्णांतच, नियमित जनुकीय तपासणीच्या आधारे, डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो. खर्चाची अडचण असल्यास गोळी बंद करण्यापूर्वी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागास अवश्य भेटावे.

संशोधकांनी चाळीस वर्षे खर्चून गोळी घडविली. ती गरजू रुग्णाच्या हाती रोज, न चुकता पडावी, एवढे कार्य आपणा सर्वांच्या वाट्याचे आहे. देणगीदारांच्या प्रत्येक रुपयाचे मोल तेथेच ठरते.