बिग ब्लाइंडवरचे मधले हात

सायली,

पणजीच्या पोकर स्पर्धेतले तू कळवलेले दोन्ही हात मी वहीत मांडून पाहिले. बटणवाल्याने 2,200 केले तेव्हा इस्पिकची अठ्ठी-छक्की तू फालतू म्हणून टाकलीस. पुढच्याच फेरीत पहिल्या जागेवरच्या, तासभर एकही हात न खेळलेल्या गृहस्थांनी 3,000 केले, तेव्हा मात्र वेगवेगळ्या रंगांच्या एक्का-चव्वीवर कॉल केलास. माझ्या मते पहिला हात खेळायचा होता आणि दुसरा टाकायचा होता.

पहिल्याचा हिशेब बघ. ब्लाइंड 500 आणि 1,000, वर बिग ब्लाइंड अँटी 1,000. त्याचे 2,200 धरून पॉट झाला 4,700, आणि तुला घालायचे होते फक्त 1,200. म्हणजे एकूण 5,900 मधला जेमतेम वीस टक्के वाटा. पाचही पत्ते उघडेपर्यंत टिकली तर एका रंगाची अठ्ठी-छक्की एक्का-राजासमोरही पाचातून सुमारे दोनदा जिंकते. पण तिथवर कुणी फुकट जाऊ देत नाही. फ्लॉपनंतर आधी बोलायचं तुला, तो तुझं बघून बेट लावणार, आणि पुढे जिंकले असते असे कितीतरी हात तुला मध्येच सोडावे लागणार. ही घट धरूनही एवढ्या स्वस्तात हा हात परवडतो, कारण बटणवरून माणूस कशावरही रेझ करतो. शिवाय अशा हाताचं पुढे काय करायचं ते लवकर कळतं: रंग किंवा सिक्वेन्स जमत असेल तर थांबायचं, नाहीतर सोडून द्यायचं.

एक्का-चव्वीचं नेमकं उलटं आहे. पहिल्या जागेवरून रेझ करणाऱ्या शांत माणसाकडे एक्का असला, तर त्याच्या जोडीला राजा, राणी किंवा गुलाम असणार. एक्का-राणीसमोर तुझा हात चारातून जेमतेम एकदा जिंकतो. फ्लॉपला एक्का, नव्वी, पंजी पडले, तुला आनंद झाला आणि तिन्ही वेळा तू बेटला कॉल करत गेलीस. एक्का पडला नसता तर तुझं नुकसान थोडक्यात आटोपलं असतं. हेच पत्ते बटणवाल्याच्या छोट्या रेझवर मीसुद्धा खेळलो असतो. समोर कोण आहे आणि किती मागतोय हे पाहिल्याशिवाय मधल्या हाताला बरं-वाईट म्हणताच येत नाही.

"हजार तर आधीच घातले होते," असं तू लिहिलंस. ते पॉटमध्ये मोजून झाले, सायली. त्यांच्यामुळेच कॉल स्वस्त पडतो. तीच सवलत मनात दुसऱ्यांदा धरू नकोस.

डॉयल ब्रन्सनने 1976 आणि 1977 अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सीरिजची मुख्य स्पर्धा दश्शी-दुर्रीवर जिंकली, म्हणून तो हात अजून त्याच्या नावाने ओळखला जातो. दोन्ही वेळा फ्लॉपला समोरच्याकडे दोन जोड्या होत्या आणि ब्रन्सनकडे नुसती दश्शीची जोडी. टर्नला दुर्री आली आणि रिव्हरला आणखी एक दश्शी. त्याची थोरवी त्या पत्त्यांत शोधू नकोस.

बक्षिसांची रांग जवळ आली की हे सगळं आणखी आवळून खेळ. तिथे गमावलेली चिप मिळवलेल्या चिपेपेक्षा महाग पडते, आणि रेझ करणाऱ्याचा स्टॅक तुझ्यापेक्षा मोठा असेल तर फारच. तुझ्याकडे दहा ब्लाइंडच्या आत उरले असतील तर कॉल करून फ्लॉप बघत बसू नकोस. ऑल-इन तरी जा, नाहीतर टाक.

2025 च्या कायद्याने ऑनलाइन पैशांचे खेळ बंद झाले, त्यामुळे घरबसल्या हजारो हात खेळून शिकायची सोय राहिली नाही. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर तासाला पंचवीस-तीस हात होतात, त्यात बिग ब्लाइंड तुझ्याकडे तिनेकदा येतो. म्हणून प्रत्येक ब्रेकमध्ये ते हात टिपून ठेव: रेझ कुठल्या जागेवरून, कितीचा, दोघांचे स्टॅक किती. टाकलेले हातही लिही. पुढच्या वेळी मला तेच आधी पाठव.

तुझा,
काका