रात्री कूस कोण बदलते? शुश्रूषा व पुनर्वसन केंद्राची पारख

“उद्या डिस्चार्ज देतो,” असे डॉक्टर सांगतात आणि घरच्यांची धावपळ सुरू होते. अर्धांगवायूच्या झटक्यातून माणूस वाचला आहे. पण उजवा हात उचलत नाही, नाकात नळी आहे, लघवीची पिशवी लावलेली आहे आणि घरी सांभाळायला सत्तरीतली पत्नी एकटीच आहे. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांत आता यासाठी शुश्रूषा व पुनर्वसन केंद्रे आहेत. त्यांच्या माहितीपत्रकावरून किंवा बागेच्या छायाचित्रांवरून काही ठरवता येत नाही. माझ्या मते पारख दोनच गोष्टींवर करावी: केंद्राने ठेवलेल्या लेखी नोंदी आणि तिथे राहणाऱ्या रुग्णांचे शरीर. या दोहोंचा मेळ बसतो का, हे आपल्याला पाहायचे आहे. खालील पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्याव्यात.

१. रुग्णालयातून निघण्यापूर्वी गरज लिहून घ्यावी

केंद्र शोधण्याआधी उपचार करणारे डॉक्टर, वॉर्डमधल्या सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांना काही नेमके प्रश्न विचारावेत. नळ्या कोणत्या आहेत आणि त्या कधी बदलायच्या? पाणी व अन्न सुरक्षितपणे गिळता येते का? बिछान्यातून खुर्चीत बसवायला एक माणूस पुरतो की दोन लागतात? त्वचेवर कुठे लाली किंवा जखम आहे का? पुढच्या सहा आठवड्यांत काय साध्य होण्याची अपेक्षा आहे?

याच वेळी ‘बार्थेल निर्देशांक’ काढून देण्याची विनंती करावी. जेवण, अंघोळ, कपडे, लघवी-शौचावरील ताबा, चालणे, जिना अशा दहा बाबींत रुग्ण किती स्वावलंबी आहे, हे शून्य ते १०० गुणांत सांगणारे हे साधे मोजमाप आहे. आजचा आकडा हाती असला, तर महिन्यानंतर प्रगती झाली की नाही हे कोणाच्या शब्दावर अवलंबून राहत नाही.

मग जागेचा प्रकार ठरतो. वृद्धाश्रमात निवास आणि जेवण मिळते. नळ्या व जखमा सांभाळण्याची सोय तिथे असेलच असे नाही. शुश्रूषा केंद्रात चोवीस तास परिचर्या मिळते. पुनर्वसन केंद्रात तिच्या जोडीला रोजचे उपचार व ठरवलेली उद्दिष्टे असतात. अर्धांगवायूनंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. व्यायाम सोसण्याइतकी ताकद रुग्णात असेल, तर हा काळ केवळ पडून राहण्यात जाऊ देऊ नये.

२. कागद तपासावेत

महाराष्ट्रात शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते. महापालिका हद्दीत हे काम महापालिकेचा आरोग्य विभाग पाहतो. नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असावे; त्यावरचा पत्ता, खाटांची संख्या आणि मुदतीची तारीख वाचावी. बंगल्यात किंवा सोसायटीच्या फ्लॅटमध्ये ‘केअर सेंटर’ अशी पाटी लावून चालणाऱ्या जागांबाबत हे विशेष काळजीने करावे. प्रमाणपत्र ३० खाटांचे आणि आत ४५ रुग्ण दिसले, तर पुढच्या प्रश्नांची गरज उरत नाही.

कर्मचाऱ्यांच्या नोंदणीविषयी विचारण्यातही संकोच नको. परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. फिजिओथेरपिस्ट व ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासाठी राज्याची स्वतंत्र परिषद आहे. वाचा-उपचारतज्ज्ञांची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. आगीच्या वेळी अंथरुणाला खिळलेल्यांना खाली कसे आणणार आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का, हेही याच भेटीत पाहून घ्यावे.

३. दोनदा जावे, एकदा न कळवता

पहिली भेट वेळ ठरवून घ्यावी. दुसरी रविवारी किंवा संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान, न कळवता द्यावी. आतल्या खोल्यांत अचानक जाऊ दिले जात नाही, यात इतर रुग्णांच्या खासगीपणाचा भाग असतो आणि तो आपण मानावा. पण दिवाणखान्यात, जेवणघरात आणि मार्गिकेत बसायला हरकत नसावी.

तिथे बसून पाहावे. संध्याकाळी किती जण बिछान्याबाहेर, खुर्चीत बसलेले आहेत? पाण्याचा पेला रुग्णाच्या चांगल्या हाताला पोहोचेल असा ठेवला आहे, की टेबलाच्या दुसऱ्या टोकाला? नखे कापलेली, ओठ ओले, दाढी केलेली आहे का? कोणी हाक मारली किंवा घंटा वाजवली, तर किती मिनिटांनी माणूस येतो? घड्याळ लावून पाहावे. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली आणि जमिनीला न टेकलेली असावी. या एका पिशवीवरून संसर्गाबाबतची शिस्त कळते.

कर्मचारी रुग्णाशी कसे बोलतात, हे ऐकावे. अंगावरचे कपडे बदलताना पडदा ओढला जातो का? “आजोबा, आता कूस बदलतो हं,” असे सांगून हात लावला जातो, की न बोलता ओढले जाते? ज्यांची वाचा गेली आहे, त्यांनाही बहुतेक सगळे कळत असते.

४. रात्रपाळीचा हिशेब मागावा

“स्टाफ भरपूर आहे” हे उत्तर पुरेसे नाही. आज रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात किती रुग्ण आहेत, त्यांच्यासाठी प्रशिक्षित परिचारिका किती, मावशी व मामा किती, हे आकड्यांत विचारावे. जीएनएम म्हणजे साधारण तीन वर्षांचे परिचर्या शिक्षण, एएनएम म्हणजे त्याहून कमी मुदतीचे. केअरटेकर बहुधा ब्युरोकडून आलेले असतात आणि त्यांचे प्रशिक्षण काही आठवड्यांचे असू शकते. प्रत्येकाचे काम मोलाचे आहे, पण नळीतून अन्न देणे किंवा सक्शन करणे हे कोणाच्या हाती आहे हे आपल्याला ठाऊक असावे.

ड्युटीवरच्या मावशींशी दोन मिनिटे आपुलकीने बोलावे. त्या इथे किती महिने आहेत, सलग किती तास काम करतात, त्यांना साप्ताहिक सुट्टी मिळते का? दर पंधरा दिवसांनी माणसे बदलत असतील, तर आपल्या वडिलांना कुठल्या कुशीवर दुखते हे लक्षात ठेवणारे कोणी राहणार नाही. डॉक्टर प्रत्यक्ष किती वाजता येतात आणि मध्यरात्री त्रास झाला तर कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या सोबत नेणार, हेही लिहून घ्यावे.

५. त्वचेपाशी थांबावे

एकच गोष्ट तपासायला वेळ असेल, तर ही तपासावी. एकाच अंगावर पडून राहिल्याने हाडांच्या उंचवट्यांवरची त्वचा दबते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि बेडसोर म्हणजे दाबव्रण होतो. माकडहाड, टाचा, खुब्यांच्या बाजू, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू या त्याच्या जागा. सुरुवात बोटाने दाबूनही न जाणाऱ्या लालीने होते. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही. तिथे भाग गरम, कडक किंवा आजूबाजूपेक्षा गडद लागतो का, हे पाहावे लागते.

पडून असलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलली जाते. मध्यंतर रुग्णाच्या त्वचेनुसार कमी-जास्त होते, पण ते ठरलेले आणि लिहिलेले असावे. केंद्राला इतर रुग्णाचे नाव झाकून कूस बदलण्याचा तक्ता दाखवण्याची विनंती करावी. त्यात उजवी, पाठ, डावी अशा नोंदी, वेळ आणि सही असते. रात्रीचे रकाने मुद्दाम वाचावेत. बारा, दोन, चार, सहा या वेळांपुढे एकाच पेनाने, एकाच वळणात, एका दमात केलेल्या सह्या दिसल्या, तर तक्ता सकाळी भरला गेला असण्याची शक्यता आहे.

“आमच्याकडे एअर बेड आहे” असे उत्तर वारंवार मिळते. हवेची गादी दाब कमी करते, पण कूस बदलण्याचे काम ती करत नाही. गादीचा पंप चालू आहे का आणि ती मध्येच बसलेली तर नाही ना, हे हात लावून पाहावे. टाचांखाली पाण्याने भरलेले रबरी हातमोजे ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. त्यापेक्षा पोटरीखाली उशी देऊन टाच पूर्ण अधांतरी ठेवणे योग्य. लाल झालेल्या जागेवर चोळून मालिश करणेही टाळायचे असते, कारण त्याने आतल्या पेशींना आणखी इजा होते. “लाल जागा दिसली तर आपण काय करता?” एवढे तिथल्या परिचारिकेला विचारावे. उत्तर किती सहज येते, यावरून प्रशिक्षणाची खोली कळते.

६. जेवण आणि गिळणे

जेवणाच्या वेळी एक भेट व्हावी. भरवताना रुग्ण ताठ बसलेला असावा, घास लहान असावा आणि पहिला गिळल्यावर दुसरा दिला जावा. अर्धांगवायूनंतर गिळण्याची क्रिया मंदावते. पातळ पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून गिळण्याची तपासणी कोण करते आणि पेय घट्ट करून देण्याची सोय आहे का, हे विचारावे. नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू किमान ३० अंश वर हवी आणि नंतर अर्धा ते एक तास तशीच राहायला हवी. तोंडाने काही न खाणाऱ्याचेही तोंड रोज दोनदा स्वच्छ करावे लागते. हे फार ठिकाणी राहून जाते.

७. ‘रोज फिजिओ’ म्हणजे नेमके काय

किती मिनिटे, आठवड्यातून किती दिवस, एका वेळी किती रुग्ण, हे विचारावे. थेरपिस्टने स्वतः हात-पाय हलवून देणे हा उपचाराचा एक भाग आहे. पण रुग्णाकडून बसणे, उभे राहणे, वाटी धरणे, बटण लावणे करवून घेतले जाते का, हे महत्त्वाचे. लेखी उद्दिष्टे मागावीत. “सुधारणा होईल” यापेक्षा “चार आठवड्यांत एका माणसाच्या आधाराने कमोडवर बसता यावे” हे उद्दिष्ट तपासता येते.

कमकुवत हाताला धरून कोणी उठवताना दिसले, तर ती धोक्याची खूण समजावी. त्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो आणि ओढल्याने तो निखळून कायमचे दुखणे मागे लागते. चांगल्या केंद्रात हे झाडू मारणाऱ्या मामांनाही माहीत असते.

उद्दिष्टांबाबत शंका वाटली, तर बाहेरचे मत घ्यावे. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्यरत आहे.

८. औषधे आणि बांधून ठेवणे

रात्री अस्वस्थ होणाऱ्या, विशेषतः स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाला शांत करणारी औषधे दिली जातात. वृद्धांमध्ये त्यामुळे पडणे, गुंगी, गिळताना ठसका लागणे वाढते. कोणतेही असे औषध आपल्याला कळवल्याशिवाय सुरू होणार नाही, हे लेखी घ्यावे. हात पलंगाला बांधण्याबाबत स्पष्ट विचारावे: कोणाच्या आदेशाने, किती वेळ, आणि दरम्यान पाहणी कोण करते? नळी ओढू नये म्हणून सर्रास बांधले जात असेल, तर माणसे कमी आहेत असा अर्थ घ्यावा.

९. करार आणि खर्च

मासिक दरात काय येत नाही, याची यादी मागावी: डायपर, हातमोजे, ऑक्सिजन, सक्शन, ड्रेसिंग, फिजिओ, रुग्णालयात सोबत जाणारा माणूस. अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल आणि रुग्ण मध्येच रुग्णालयात दाखल झाला तर भाडे चालू राहते का, हे वाचूनच सही करावी. आरोग्य विम्यावर विसंबू नये. बहुतेक पॉलिसींत विश्रांती व पुनर्वसनासाठीची भरती ‘वगळलेल्या बाबीं’मध्ये असते.

१०. दाखल केल्यानंतरचे आठ दिवस

दाखल करतानाच परिचारिकेसमोर संपूर्ण त्वचा पाहावी, असलेल्या खुणांची छायाचित्रे तारखेसह घ्यावीत आणि केंद्राच्या नोंदवहीत त्या लिहून घ्याव्यात. वजन नोंदवावे. पहिल्या आठवड्यात घरातल्यांनी वेगवेगळ्या वेळी जावे आणि प्रत्येकाने एकाच वहीत लिहावे: किती वाजता गेलो, रुग्ण कोणत्या कुशीवर होता, काय खाल्ले. ही वही केंद्राच्या तक्त्याशी ताडून पाहता येते.

मुले परदेशात असतील, तर व्हिडिओ कॉलची वेळ रोज बदलावी आणि फक्त चेहरा न पाहता टाचा व पाठ दाखवायला सांगावे. चांगले केंद्र याला नकार देत नाही.

तक्रार असल्यास आधी त्या पाळीच्या परिचारिकेकडे, मग व्यवस्थापकाकडे लेखी द्यावी आणि उत्तरासाठी दिवस ठरवून घ्यावा. बोलताना चांगल्या कामाचीही नोंद घ्यावी. ज्या मावशींचे आपण नावाने आभार मानतो, त्या आपल्या माणसाकडे अधिक लक्ष देतात. तरीही फरक पडला नाही, तर नोंदणी करणाऱ्या आरोग्य विभागाकडे जाता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि ग्राहक तक्रारींसाठी १९१५ या राष्ट्रीय मदतवाहिन्या आहेत.

नवीन बेडसोर, कारण न सांगता आलेले काळे-निळे वण, दिवसभराची गुंगी, महिन्याभरात लक्षणीय उतरलेले वजन: यांपैकी काही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि दुसऱ्या केंद्राची चौकशी सुरू करावी. ताप व कुबट वासाची लघवी, खाताना ठसका व धाप, तोंड अचानक वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे, यांत वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

हलवायचे ठरले, तर औषधांचा तक्ता, कूस बदलण्याचा तक्ता, जखमेच्या नोंदी, फिजिओचा अहवाल आणि नळ्या शेवटच्या बदलल्याच्या तारखा यांच्या प्रती मागून घ्याव्यात. नव्या जागी पहिल्याच दिवशी त्या परिचारिकेच्या हाती द्याव्यात आणि त्वचेची पाहणी पुन्हा पहिल्यापासून करावी.