लिपो बॅटरी : न उडवतानाची काळजी

रिमोटवर चालणारं हेलिकॉप्टर म्हटलं की सगळ्यांचं लक्ष वर फिरणाऱ्या पात्यांकडे जातं. नाकाखाली पट्ट्याने बांधलेल्या बॅटरीकडे कुणी बघत नाही. मीही बघत नव्हतो. म्हणूनच हा लेख.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली त्या दिवशी मी तीन सेलचा, २२०० एमएएचचा लिथियम-पॉलिमर म्हणजे लिपो पॅक पूर्ण चार्ज केला. संध्याकाळी वारा सुटला, उडवणं राहिलं. रात्रीच्या गाडीने घरी जायचं म्हणून पॅक तसाच होस्टेलमधल्या पत्र्याच्या पेटीत टाकला, वरून कपडे आणि नोट्स. मध्ये गोंदियाचा नवतपा गेला. जूनअखेर पेटी उघडली तर पॅक पुरीसारखा टम्म फुगलेला! पेटला नाही, हे माझं आणि शेजारच्या कापसाच्या गादीचं नशीब.

मला वाटायचं, बॅटरी उडवून उडवून खराब होते. माझी मात्र नुसती पडून राहून गेली. असं का झालं, ते समजून घेऊ.

लिपोच्या एका सेलचं सरासरी व्होल्टेज ३.७, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. म्हणजे आपला तीन सेलचा पॅक ११.१ व्होल्टचा आणि भरल्यावर १२.६ चा. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये धन इलेक्ट्रोडजवळ इलेक्ट्रोलाइटचं हळूहळू विघटन होतं आणि वायू तयार होतो. पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीत शिकलेला ढोबळ नियम आठवा : तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, बंद खोलीतल्या पत्र्याच्या पेटीचं तर विचारूच नका. पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र आले की पॅकचा घात होतो.

उलट टोकही वाईटच. सेल ३ व्होल्टच्या खाली फार उतरला तर आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं. पुन्हा चार्ज केल्यावर ते भलत्याच जागी जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून पूर्ण उतरलेला पॅक "बघू, चार्ज होतो का" म्हणत जिवंत करायला जाऊ नका.

आता मी पाळतो ते नियम :

१) ठेवताना : दोन-तीन दिवसांत उडवणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवा. बहुतेक चार्जरमध्ये 'स्टोरेज' मोड असतो. जागा थंड हवी. पत्र्याची पेटी किंवा उन्हातली गाडी नको.

२) चार्ज करताना : १सी दराने, म्हणजे २२०० च्या पॅकला २.२ अँपिअर. बॅलन्स लीड लावाच, नाहीतर एकूण १२.६ व्होल्ट दिसतील पण एखादा सेल ४.३ वर गेलेला असेल. मी पॅक मातीच्या मडक्यात वाळूवर ठेवतो, गादीवर कधीच नाही. आणि चार्जिंग लावून मेसला जायचं नाही!

३) उडवताना : क्षमतेच्या ८० टक्केच वापरा, म्हणजे १७६० एमएएच. सरासरी १८ अँपिअर धरले तर हे पावणेसहा मिनिटं होतात. मी टायमर ५ मिनिटांवर लावतो. विमानाची मोटर बंद पडली तरी ते तरंगत खाली येतं. हेलिकॉप्टर मात्र ऑटोरोटेशन येत नसेल तर सरळ धानाच्या बांधीत दगडासारखं पडतं.

४) ऋतूप्रमाणे : डिसेंबरच्या सकाळी थंड पॅकचा अंतर्गत रोध वाढतो, ताकद कमी पडते. उडवण्याआधी तो खिशात ऊबदार ठेवा. उन्हाळ्यात उडवून आणलेला गरम पॅक लगेच चार्जरला लावू नका. हाताला गार लागू द्या.

५) फुगलेला पॅक : टोचू नका, दाबू नका, वापरू नका. मोकळ्या जागी, डोळ्यांसमोर, बारा व्होल्टचा गाडीचा छोटा बल्ब लावून तो पूर्ण उतरवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. पेटलाच तर लांब व्हा, धूर विषारी असतो.

लिथियम बॅटरीने मोठमोठ्यांनाही दमवलं आहे. जानेवारी २०१३ मध्ये बोस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या बोइंग ७८७ ची लिथियम-आयन बॅटरी पेटली. त्याच महिन्यात जपानमध्ये दुसऱ्या ७८७ च्या बॅटरीतून धूर निघाला आणि जगभरातली ही विमानं जमिनीवर उभी करावी लागली. तिथे एवढे इंजिनिअर होते, आपल्या होस्टेलच्या खोलीत तर आपणच!

बिरसीला विमान शिकणारी मुलं प्रत्येक उड्डाणाची लॉगबुकात नोंद करतात. तसंच आपणही प्रत्येक पॅकवर नंबर टाकावा आणि वहीत तारीख, मिनिटं, तिन्ही सेलचं व्होल्टेज लिहावं. एक सेल सारखा मागे पडतोय हे वही महिनाभर आधी सांगते.

(बिरसी जवळ असल्याने उडवायची जागा ठरवण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशात क्षेत्र तपासायला विसरू नका.)

असो. यंदा सुट्टीला घरी निघण्याआधी पाच मिनिटं काढून आपल्या पेटीत एकदा डोकावा. रूममेटलाही सांगा. तो हेलिकॉप्टर उडवत नसला तरी त्याच खोलीत झोपतो!