उसन्या मुळावरचे रोप

मागल्या फाल्गुनात माझ्या नातीने एका उथळ कुंडीत निवडुंगाचे बी पेरले. बी ते केवढे! खसखशीच्या दाण्याएवढे. मातीवर ते नुसते भुरभुरले, वर काचेचे झाकण ठेवले आणि कुंडी खिडकीत सावलीला नेऊन ठेवली. दुसऱ्या आठवड्यात मातीवर हिरवे ठिपके दिसू लागले. ठिपक्यांचे मोहरीएवढे गोळे झाले. त्या हिरव्या गोळ्यांत एक गोळा मात्र तांबडा होता, अगदी डाळिंबाच्या दाण्यासारखा.

नात हर्षाने नाचू लागली. मला मात्र ते रोप पाहून वाईट वाटले.

मुलांनो, झाडाचा हिरवा रंग हा केवळ शोभेसाठी नसतो. तो हरितद्रव्याचा रंग होय. हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश यांच्यापासून झाड आपले अन्न तयार करते, ते याच द्रव्याच्या साहाय्याने. ज्या रोपात हरितद्रव्य नाही, त्याच्या घरी जणू चूलच नाही! बियाण्यात आईने बांधून दिलेली शिदोरी असते, तिच्यावर ते काही दिवस जगते. शिदोरी सरली की ते सुकून जाते.

हे मी नातीला सांगितले, तेव्हा तिचा चेहरा उतरला. “आजोबा, मग याला दुसऱ्या कोणाच्या घरी जेवायला पाठवता येणार नाही का?” तिने विचारले. प्रश्न पोरवयाचा खरा. पण त्याचे उत्तर ‘येईल’ असेच होते.

जपानात असे पूर्वी घडले आहे. पॅराग्वे देशातल्या एका लहानशा निवडुंगाची हजारो रोपे एजी वातानाबे नावाच्या गृहस्थांनी वाढविली होती. १९४१ साली त्यांतील दोन रोपे त्यांना संपूर्ण तांबडी आढळली. त्यांनी ती हिरव्या निवडुंगावर कलम केली आणि ती जगली. त्या जातीला जपानी भाषेत ‘हिबोतान’ म्हणतात. रोपवाटिकेत तीन धारांच्या हिरव्या खोडावर बसविलेला तांबडा गोळा तुम्ही पाहिला असेल, तो याच कुळातला. पुष्कळांना ते एकच झाड वाटते. वास्तविक ती दोन झाडे असतात : खालचा हिरवा खुंट रांधतो आणि वरचा तांबडा गोळा जेवतो.

खुंट मात्र सगोत्र हवा. बांधावरचा, तोडताच पांढरा चीक गाळणारा निवडुंग येथे चालत नाही. तो एरंडाच्या कुळातला. नाव तेवढे निवडुंगाचे. शिवाय त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार अपाय होतो. आमच्या गच्चीवर ड्रॅगन फळाचा वेल आहे. अलीकडे सोलापूर-सांगलीकडे त्याची शेतेच्या शेते दिसतात. हा वेल खरा निवडुंग होय, आणि हिबोतानचा नेहमीचा खुंटही तोच. त्याचे वीतभर लांबीचे तीन तुकडे पावसाळ्यापासून कुंड्यांत मुळे धरून उभे होते.

तांबडे रोप एकच असल्यामुळे आधी दोन हिरव्या रोपांवर हात बसवावयाचा, असे ठरले. नवे पाते स्पिरिटने पुसून घेतले. खुंटाचा कोवळा शेंडा आडवा, सपाट कापला. कापलेल्या भागाच्या मध्यावर एक फिकट वर्तुळ दिसते. या वर्तुळातून पाणी व अन्नरस वाहतो. रोपाच्या पोटातही असाच एक ठिपका असतो. ठिपका त्या वर्तुळाच्या रेषेवर टेकला पाहिजे, नाहीतर कलम जुळत नाही. म्हणून रोप अगदी मधोमध न ठेवता किंचित बाजूला ठेवावे लागते. पहिल्या वेळी रोप मुळापासून कापून उचलीपर्यंत खुंटाचा काप सुकू लागला, आणि ते कलम फुकट गेले. दुसऱ्या वेळी खुंटाची एक पातळ चकती कापून तशीच वर राहू दिली, रोप हाती आल्यावरच ती दूर सारली. हे कलम जुळले.

तांबड्या रोपाची पाळी आली तेव्हा पाते धरावयाचे कोणी, हा प्रश्न होता. मोठ्या माणसाने पाते चालवावे हा नियम चांगला, आणि तुम्हीही तो पाळा; पण माझी बोटे आता थरथरतात. अखेर खुंट मी कापला, आणि रोप तिने कापले. पात्याच्या टोकावर ते उचलून तिने वर्तुळावर अलगद ठेवले व खालची हवा निघून जावी म्हणून बोटाने हलकेच दाबले. एवढ्या लहान रोपाला दोरा बांधावा लागत नाही. कापाच्या रसानेच ते चिकटते. वर काचेचा पेला पालथा घातला. पेल्याच्या आत दव धरे, ते ती रोज सकाळी पुसून काढी. थेंब कापावर पडला तर रोप कुजते.

चार दिवस काहीच कळेना. पाचव्या दिवशी पेला काढला, तेव्हा रोप किंचित आकसल्यासारखे दिसले. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. आठव्या दिवशी मात्र गोळा तुकतुकीत, टपोरा झाला होता. महिन्याभरात तो वाटाण्याएवढा झाला, आणि त्याच्यावर मऊ काटे उगवले.

आता तो बोराएवढा आहे. खुंटाला बगलेतून कोंब फुटतात, ते नात खुडून टाकते. नाहीतर खुंट स्वतःच्याच लेकरांना पोसू लागतो. असे कलम काही वर्षेच टिकते, हेही तिला ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात गोळ्याच्या कडेला मोहरीएवढे तांबडे पिलू दिसले. दुसऱ्याच दिवशी तिने वेलाचा नवा तुकडा तोडला आणि काप वाळण्यासाठी सावलीत ठेवून दिला.