चालत्या एन्व्हायर्नमेंटला हात लावू नकोस

भिलाई

चि. केतकीस,


नमपाय या पायथन लायब्ररीच्या आवृत्ती 2 वर जायचं ठरवलंस, ते योग्यच. पण ज्या एन्व्हायर्नमेंटमध्ये प्रबंधाचं काम चालू आहे, तिच्यातच अपग्रेड करायचा विचार मात्र सोडून दे. आवृत्तीचा आकडा पाहिला की पॅकेज जुळेल की नाही ते कळतं, अशी आपली समजूत असते. निव्वळ पायथनमध्ये लिहिलेल्या पॅकेजपुरती ती बऱ्यापैकी खरी आहे. ज्याच्या पोटात सी किंवा फोरट्रानचा कम्पाइल झालेला कोड आहे, तिथे ती फसते. कम्पाइल होताना समोर जी लायब्ररी होती, तिच्या रचनेची मापं त्या कोडमध्ये कोरली गेलेली असतात. इथल्या कारखान्यातून मीटरला 52 किलोचे रूळ निघाले आणि 60 किलोचेही. गेज तोच, पण एकाची उंची 156 मिलिमीटर, दुसऱ्याची 172. दोन्ही रूळच, तरी खास जोडपट्टीशिवाय एकमेकांना लागत नाहीत.

जून 2024 मध्ये नमपाय 2.0 आलं तेव्हा नेमकं हेच झालं. कित्येक पॅकेजांनी नमपायची किमान आवृत्ती सांगितली होती, कमाल मर्यादा घातलीच नव्हती. पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने अट अक्षरशः पाळून 2.0 बसवलं. इन्स्टॉल बिनतक्रार झालं आणि इम्पोर्ट करताच कळलं, की 1.x वर कम्पाइल केलेलं मॉड्यूल 2.0 मध्ये चालत नाही. अशा वेळी ‘पिप चेक’ही सगळं ठीक असल्याचं सांगतं, कारण ते लिहिलेल्या अटी ताडून बघतं, बायनरी उघडत नाही. (2.0 वर कम्पाइल केलेली पॅकेजं मात्र 1.x च्या अलीकडच्या आवृत्त्यांवरही चालतात. म्हणजे गाडी एकाच बाजूने अडते.)

दुसरी अडचण त्याहून फसवी. तुमच्या सर्व्हरवर सेंटओएस 7 आहे. त्याची जीलिबसी, म्हणजे मूळ सी लायब्ररी, 2.17. पॅकेजची नवी व्हील, म्हणजे आधीच कम्पाइल केलेली फाईल, 2.28 मागत असेल, तर पिप ती गुपचूप बाजूला ठेवतं, सोर्स उतरवून घेतं आणि कम्पाइल करायला बसतं. तिथला कम्पायलर जीसीसी, तोही जुना 4.8. मग पडद्यावर शेकडो ओळींची एरर येते आणि माणूस शेवटची ओळ वाचून कम्पायलरच्या मागे लागतो. खरं कारण अगदी वर असतं: उतरलेल्या फाईलचं नाव ‘व्हील’ऐवजी ‘टार-जीझेड’ने संपतं. ‘ओन्ली-बायनरी’ हा पर्याय दिलास, तर हीच गोष्ट दोन ओळींत कळेल.

पिपऐवजी कोंडा हा पॅकेज मॅनेजर वापरला की हे सगळं मिटतं, असं तुझे मित्र सांगतील. बरंचसं मिटतं, कारण ते कम्पाइल केलेल्या लायब्रऱ्या आपल्यासोबत आणतं. पण त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये पुढे पिपने भर घातली, की दोघांचे हिशेब वेगळे पडतात. मग अपग्रेडच का करा, हा आक्षेप अधिक वजनदार. पण सेंटओएस 7 चा आधार 30 जून 2024 ला संपला. न हलणाऱ्याला पुढे सगळं एकदमच बदलावं लागतं, आणि काय बिघडलं ते मग शोधता येत नाही.

म्हणून नवी एन्व्हायर्नमेंट शेजारी उभी कर, जुनं गणित दोन्हींत चालव आणि आकडे ताडून बघ. ओपनब्लास या आकडेमोडीच्या लायब्ररीची आवृत्ती बदलली तरी शेवटच्या दशांशात फरक पडू शकतो, त्याला घाबरू नकोस. जागा काही जीबी जाईल, ती जाऊ दे. जुन्या एन्व्हायर्नमेंटची ‘पिप फ्रीझ’ यादी आणि पायथनची आवृत्ती मात्र आजच लिहून ठेव.

तुझा,
काका